वैरदेय आणि आरोपीचे आप्त

आरोपीच्या आप्तांनीं पीडितांच्या घरीं जावें कीं न जावें, हा प्रश्न जुना आहे. क्षत्रियवधास सहस्र, वैश्यवधास शंभर व शूद्रवधास दहा गाई वैरनिरसनार्थ द्याव्या, असें आपस्तंब सांगतो. (वर्ण पाहून जिवाचें मोल ठरविणें आम्हांस रुचत नाहीं, पण तो विषय निराळा.) त्या द्यावयाच्या कोणास, हें तो उघड बोलत नाहीं, बौधायन मात्र राजास म्हणतो. आमच्या मतें या फरकांतच सर्व मर्म आहे. वैर दोन कुळांचें होतें तोंवर वधकर्त्याच्या आप्तांस मृताचा उंबरठा गांठणें प्राप्तच होतें. राजा मध्यें आला आणि ती वाट बुजूं लागली. मराठेशाहींतहि वादी-प्रतिवादी राजीनामा व जामीन देऊन मगच गोतसभेपुढें उभे राहत.

बदलापुरास हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें तेथील एका शाळेंत चार वर्षांच्या दोन बालिकांवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. २० तारखेस लोकांनीं रेल्वे रोखली; पुढें आरोपीच्या घराची मोडतोड झाली. २३ सप्टेंबर रोजीं, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वींच, आरोपी पोलिसांच्या गोळीनें मेला. बदलापूर-अंबरनाथकडे दफनास विरोध झाला. अखेर २९ सप्टेंबरला उल्हासनगरास बंदोबस्तांत दफन झालें. तेथेंहि खणलेला खड्डा लोकांनीं आधीं बुजविला होता. आईबापांस कुळाच्या नात्यानें दंड करणें, हें आपस्तंबाच्याहि मागें जाणें होय.

तथापि म्हणून आप्तांनीं पीडितांकडे जावें, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. मध्यप्रदेश उच्च न्यायालयानें एका विनयभंगाच्या आरोपीस जामीन देतांना पीडितेकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयानें १८ मार्च २०२१ रोजीं ती रद्द केली, व जामिनाच्या अटींनीं उभयतांचा संपर्क घडवूं नये असें बजाविलें. ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं त्याच न्यायालयानें, राजस्थानांतील एका शिक्षकाविरुद्धचा पॉक्सोचा खटला मुलीच्या बापाशीं झालेल्या समेटावरून बंद करणारा निर्णय फिरविला. तेथें समेट बापानें केला होता, आणि अपराध झाला तो मुलीवर! दारांत आलेल्या म्हाताऱ्या आईचे अश्रू खरे असूं शकतात. पण साक्ष द्यावयाची राहिलेल्या घरास ते ओझेंच होतात. धाकदपटशा झाला, तर तो स्वतंत्र अपराध आहे.

किरकोळ मारहाणीसारख्या ज्या गुन्ह्यांत कायदाच तडजोड मान्य करतो, तेथें ती न्यायालयासमोर व्हावी. इतरत्र आप्तांस जें सांगावयाचें असेल तें त्यांनीं वकिलामार्फत न्यायालयासच सांगावें.