शिजवलेलं चिकन फ्रीजमध्ये किती दिवस टिकतं? खराब झालेलं कसं ओळखायचं?

रविवारी केलेला चिकन रस्सा बुधवारी खायचा की नाही, हे बऱ्याच घरांत वास घेऊन ठरतं. पण वास अर्धीच माहिती देतो. अन्न नासवणारे जीवाणू वास आणि बुळबुळीतपणा आणतात. आजारी पाडणारे जीवाणू मात्र अनेकदा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. म्हणून आधी वेळ आणि तापमान बघा, वास नंतर.

बाहेर किती वेळ ठेवायचं?

५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जीवाणू झपाट्याने वाढतात. त्यामुळे शिजवलेलं चिकन बाहेर जास्तीत जास्त २ तास ठेवा. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असेल, तर फक्त १ तास.

काही जीवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. मोठ्या पातेल्यातला रस्सा हळूहळू थंड होताना ते पुन्हा वाढू लागतात. म्हणून रस्सा किंवा बिर्याणी लहान, उथळ डब्यांत काढा, वाफ गेली की झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा.

फ्रीजमध्ये कसं ठेवायचं?

- तापमान ४ अंश किंवा कमी हवं. डायलवरचे १ ते ५ आकडे म्हणजे अंश नव्हेत. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा, सकाळी आकडा बघा.
- दारातला कप्पा सगळ्यात कमी थंड असतो, तिथे चिकन नको.
- कच्चं चिकन खालच्या कप्प्यात, शिजवलेलं त्याच्या वर. म्हणजे कच्च्याचं पाणी त्यावर गळणार नाही.
- डब्यावर तारीख लिहा. ३ ते ४ दिवसांत संपवा. जास्त दिवस ठेवायचं असेल तर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये; ३-४ महिन्यांत वापरलं तर चव चांगली राहते.
- वीज गेल्यावर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण ४ तास थंड राहतो. वीज त्याहून जास्त वेळ गेली, तर चिकन टाकून द्या.

खराब झाल्याच्या खुणा

- आंबट किंवा कुजका वास
- तुकड्यांवर चिकट, बुळबुळीत थर
- थंड रश्श्यावर फेस किंवा बुडबुडे
- बुरशी, हिरवट-करडे डाग
- फुगलेलं झाकण

यातली एक खूण दिसली तरी टाकून द्या. चाखून बघू नका. वर गोठलेली पांढरी चरबी मात्र नेहमीची आहे, ती बुरशी नव्हे.

पुन्हा उकळलं तर चालेल का?

नीट ठेवलेलं चिकन गरम करून खायचं असेल, तर ७४ अंशांपर्यंत गरम करा. रस्सा असेल तर चांगली उकळी आणा. पण रात्रभर ओट्यावर राहिलेलं चिकन उकळून सुरक्षित होत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूने सोडलेलं विष उकळल्यावरही टिकतं. जेवढं खायचं तेवढंच गरम करा.

घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल, तर शंका आलेलं चिकन ठेवूच नका.