ब्राझील : किनाऱ्याला चिकटलेला खंडप्राय देश

दक्षिण अमेरिका खंडाचा जवळजवळ अर्धा भाग व्यापणारे प्रजासत्ताक. क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौ. किमी., म्हणजे भारताच्या अडीचपटीहून अधिक. लोकसंख्या मात्र २०२२ च्या जनगणनेनुसार २० कोटी ३० लाख. चिली आणि इक्वादोर सोडले, तर खंडातल्या प्रत्येक देशाशी याची सीमा भिडते.

देशाची पोर्तुगीज ओळख भारताच्या वाटेवर घडली. पेद्रू आल्व्हारिस काब्राल याचा ताफा कालिकतला निघाला होता. २२ एप्रिल १५०० रोजी त्याला हा किनारा दिसला. काही दिवस थांबून तो पुढे कालिकतला गेलाच. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १४९४ च्या तहानुसार हा भाग पोर्तुगालच्या वाट्याला येत होता, म्हणून बहुतेक शेजारी स्पॅनिश बोलतात आणि ब्राझील पोर्तुगीज. देशाला नाव मिळाले ते लाल रंग देणाऱ्या एका झाडावरून. गंमत अशी, की हे नाव युरोपात आधी पूर्वेकडून येणाऱ्या लाकडाचे होते, म्हणजे आपल्या पतंगाचे.

वसाहतवाले मात्र समुद्र सोडून आत सरकेनात. सतराव्या शतकातील इतिहासकार फ्राय व्हिसेंते याने त्यांची तुलना किनारा खरवडणाऱ्या खेकड्यांशी केली होती. सवय जुनीच होती: पहिली राजधानी साल्वादोर, १७६३ पासून रिओ द जानेरो, दोन्ही बंदरे. अखेर अध्यक्ष जुसेलीनो कुबिचेक यांनी आतल्या पठारावर नवे शहर वसवले. लुसिओ कोस्ता यांचा आराखडा, ऑस्कर निमायर यांच्या इमारती आणि २१ एप्रिल १९६० रोजी उद्घाटन. विमानाच्या आकाराची ब्राझीलिया नकाशावर देखणी दिसते. पायी चालणाऱ्याचा विचार मात्र तिथे फारसा झालेला नाही. आजही बहुतेक वस्ती समुद्रापासून फार दूर नाही.

आतला प्रदेश एकजिनसी नाही. उत्तरेला ॲमेझॉनचे वर्षावन, पश्चिमेला पाँतानालची पाणथळ, मधोमध सेर्रादोचे गवताळ माळ. ईशान्येच्या सर्ताँव या काटेरी, कोरड्या मुलखाची गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. १८७७ ते १८७९ मध्ये तिथे भीषण दुष्काळ पडला. दख्खनमध्ये माणसे आणि जनावरे मेली तो १८७६–७८ चा दुष्काळही याच काळातला, आणि दोहोंमागे पॅसिफिकमधल्या एल निनोचा हात होता. सर्ताँवमधून जगायला बाहेर पडलेले हजारो लोक ॲमेझॉनच्या जंगलात रबराचा चीक काढायच्या कामाला लागले. त्याच रबराच्या पैशावर मनाउसमध्ये, नदीकाठच्या रानात, १८९६ साली ऑपेरागृह उभे राहिले. पण हेन्री विकहॅम या इंग्रजाने १८७६ मध्येच रबराचे बी इंग्लंडला नेले होते. मलाया आणि सिलोनच्या मळ्यांतले रबर बाजारात आले आणि मनाउसची भरभराट ओसरली.

ऊस, खाणी आणि कॉफी यांसाठी जवळपास पन्नास लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून इथे आणली गेली. गुलामगिरी १८८८ मध्ये संपली, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. २०२२ च्या जनगणनेत स्वतःला मिश्रवर्णीय म्हणवणारे गोऱ्यांपेक्षा अधिक निघाले. पश्चिम आफ्रिकेचा ठसा साल्वादोरमध्ये सर्वांत ठळक: तिथे कांदोम्ब्ले हा देवदेवतांचा पंथ जिवंत आहे, आणि रस्त्याकडेला पांढरा पोशाख केलेल्या बायका आकाराजे तळतात, म्हणजे सोललेल्या चवळीचे, पामतेलातले वडे. १९०८ पासून जपानी मजूर कॉफीच्या मळ्यांवर येऊ लागले. त्यांचे वंशज आज मुख्यतः साओ पाउलो भागात आहेत. फुटबॉलविषयी वेगळे काय सांगावे? विश्वचषक पाच वेळा.

जेवणाचा पाया मात्र मूळ रहिवाशांचा: मांदिओका हा कंद. त्याचे भाजलेले पीठ बीन्सच्या आमटीवर भुरभुरतात. उपासाचा साबुदाणा भारतात याच कंदापासून होतो, त्यामुळे चतुर्थीची खिचडी दक्षिण अमेरिकेच्या जंगलाची ऋणी आहे. अननस आणि काजू हे शब्दही तिथल्या आदिवासी भाषांतून पोर्तुगीजमार्गे मराठीत आले. काजूचे झाड पोर्तुगीजांनी गोव्यात आणले. ब्राझीलमध्ये बोंडूचा रस बाटल्यांत भरून विकतात. गोव्यात त्याच रसाची फेणी काढतात.