बंद दरवाजे आणि रिकामे हात

साथ आणि यात्रा यांचे वैर आपल्याकडे जुने आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. आगगाडीतील उतारू तपासावा, संशय आल्यास वेगळा ठेवावा, असा अधिकार त्याने सरकारास मिळाला. आमची बिलोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. पण तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रभर लागू झाला. टाळेबंदी आली आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात पंजाबचे सुमारे ४,००० यात्रेकरू अडकून पडले. लंगरने त्यांना जेवू घातले. एप्रिलअखेरीस बसगाड्या त्यांना घरी घेऊन निघाल्या.

यात्रेकरू गेले, त्यांच्यावर ज्यांची चूल पेटे ते मात्र इथेच राहिले. देवस्थाने १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याला, उघडली; दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, पुन्हा उघडली.

मदत आलीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने परवानाधारक रिक्षावाल्यांस व नोंदणीकृत फेरीवाल्यांस १,५०० रुपये जाहीर केले. जूनमध्ये केंद्राने मान्यताप्राप्त गाइडांना १ लाखापर्यंत, तर प्रवासी संस्थांना १० लाखांपर्यंतच्या कर्जाची हमी जाहीर केली. परवाना, नोंदणी, मान्यता हे शब्द लक्षात घ्या. दुसऱ्याची रिक्षा रोजभाड्याने चालविणारा, लॉजच्या चादरी धुणारी बाई, दारात हार विकणारी म्हातारी, यांची नावे कोणत्या वहीत होती? सरकारच्या नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर आम्हा संघटनावाल्यांच्याही नव्हती. वर्गणी देणाऱ्यालाच आम्ही कामगार समजत आलो. तो दोष आमचा.

आता बिलोलीची जुनी दगडी मशीद, देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन देवळे पाहावयास लोक यावेत, असे बोलले जाते. जरूर यावेत! पण दरवाजा उघडला म्हणजे धंदा सावरला, असे होत नाही. दीड वर्षात हारवालीचे भांडवल पोटात गेलेले असते. गर्दी परतली तरी फुले घ्यावयास पैसा कोठला? म्हणून पाट्या रंगविण्याआधी नगरपरिषदेने आणि आम्ही मिळून एक वही करावी. तीत पहिले नाव त्या म्हातारीचे असावे. पुढली साथ कागद तयार होईपर्यंत थांबणार नाही.