काळा ठोकळा आणि महागडा लॅपटॉप

नवीन लॅपटॉपचा विषय निघाला की आमच्या हापिसात वाद ठरलेला. विंडोज सोडून मॅकवर जावं का? आणि एवढे जादा पैसे मोजून मिळतं काय? उत्तरासाठी जरा मागे जाऊ.

१९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडलेल्या स्टीव्ह जॉब्सने नेक्स्ट ही कंपनी काढली. १९८८ मध्ये तिचा पहिला कॉम्प्युटर आला. मॅग्नेशियमचा काळाकुळकुळीत ठोकळा, किंमत ६,५०० डॉलर, आणि गिऱ्हाईक कोण, तर विद्यापीठं! तो फारसा खपला नाही. १९९३ मध्ये कंपनीने मशीन बनवणंच बंद केलं.

पण त्यावरची नेक्स्टस्टेप ही ऑपरेटिंग सिस्टीम जबरी होती. खाली युनिक्सचा पाया, वर प्रोग्राम झटपट लिहायची साधनं. टिम बर्नर्स-लीने १९९० मध्ये पहिला वेब ब्राउझर लिहिला तो सर्नमधल्या अशाच ठोकळ्यावर. त्या कामापुढे ते महागडं मशीन स्वस्तच म्हणायचं!

डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घेत असल्याचं जाहीर केलं. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आली ती याच पायावर. मॅकसाठी कोड लिहिताना आजही एनएसस्ट्रिंग भेटतो, त्यातलं 'एनएस' तिथलंच.

थोडक्यात, ठोकळा गेला, सिस्टीम राहिली. तेव्हा मंडळी, नुसती चकाकी बघून ईएमआय मागे लावून घेऊ नका. रोजचं काम त्या सिस्टीमवर खरंच सोपं होणार असेल तर पैसे वसूल. नाहीतर आहे तो लॅपटॉप काय वाईट आहे?