स्टॉक्टन किंग्ज

स्टॉक्टन किंग्ज : अ. सं. सं. मधील कॅलिफोर्निया राज्यातील एक व्यावसायिक बास्केटबॉल संघ. सॅक्रॅमेंटो किंग्ज हा त्याचा मातृसंघ होय. मातृसंघ नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एन्‌बीए) या प्रमुख साखळीत, तर स्टॉक्टनचा संघ तिच्या दुय्यम साखळीत खेळतो. मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे (१९५७– ) हे या दोन्ही संघांच्या मालकमंडळाचे प्रमुख असल्याने या संघांचा इतिहास मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरतो.

अमेरिकेतील व्यावसायिक संघ हा गावाचा नसून मालकाचा असतो. लाभ दिसेल तेथे तो हलविता येतो आणि मूळ गावाकडे केवळ आठवणी उरतात. मातृसंघाचा पूर्वेतिहास याची साक्ष देतो. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ‘रॉयल्स’ या संघाने १९५१ मध्ये एन्‌बीएचे विजेतेपद मिळविले. १९५७ मध्ये तो सिनसिनॅटी येथे व १९७२ मध्ये कॅन्सस सिटीकडे गेला. कॅन्सस सिटीत ‘रॉयल्स’ नावाचा बेसबॉल संघ आधीच असल्यामुळे त्याचे नाव ‘किंग्ज’ असे करण्यात आले. १९८५ मध्ये हा संघ सॅक्रॅमेंटोत आला. २०१३ च्या आरंभी तत्कालीन मालकांनी तो सीॲटल येथील एका गटास विकण्याचे ठरविले, तेव्हा सॅक्रॅमेंटोवरही तोच प्रसंग ओढवला. नागरिकांनी व महापौरांनी त्यास विरोध केला आणि नगरपालिकेने नव्या क्रीडागृहाच्या खर्चाचा मोठा भाग उचलण्याचे मान्य केले. मे २०१३ मध्ये संघमालकांच्या मंडळाने स्थलांतराचा प्रस्ताव २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला. त्यानंतर रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेतला. तत्पूर्वी ते गोल्डन स्टेट वॉरिअर्स या संघाचे सहमालक होते. नियमानुसार तो हिस्सा त्यांना सोडावा लागला. भारतात जन्मलेले ते एन्‌बीएमधील पहिले बहुमताधिकारी संघमालक होत. नवे क्रीडागृह २०१६ मध्ये खुले झाले.

दुय्यम साखळी एन्‌बीएने २००१ मध्ये आठ संघांनिशी सुरू केली. प्रमुख संघांत स्थान न मिळालेल्या खेळाडूंना सराव मिळावा, तसेच प्रशिक्षक व पंच तयार व्हावेत, हा तिचा हेतू होय. २०१७ मध्ये पुरस्कर्त्या कंपनीच्या नावावरून तिला ‘जी लीग’ हे नाव मिळाले. आरंभी एकाच दुय्यम संघाशी अनेक मातृसंघ जोडलेले असत. पुढे प्रत्येक मातृसंघाने आपला स्वतंत्र संघ बाळगण्याची पद्धत रूढ झाली व २०२४ मध्ये तिसांही संघांच्या बाबतीत ती पूर्ण झाली.

नेव्हाडा राज्यातील रीनो येथे २००८ मध्ये ‘बिगहॉर्न्स’ हा संघ स्थापन झाला. आजच्या स्टॉक्टन संघाचे हे मूळ रूप होय. किंग्जने ऑक्टोबर २०१६ मध्ये तो विकत घेतला, परंतु त्याआधीच त्याचे क्रीडाविषयक व्यवस्थापन त्यांच्याकडे होते. २०१४-१५ च्या हंगामात या संघावर एक प्रयोग करण्यात आला : खेळाडू एकदम पाच-पाच बदलावयाचे, अखंड दबाव ठेवावयाचा व शक्य तितक्या लवकर चेंडू टाकावयाचा. यामुळे गुण भरपूर झाले, पण बचाव दुबळा राहिला. मातृसंघाने जे धाडस स्वतः केले नसते, त्याची परीक्षा दुय्यम संघावर होते, हे यावरून दिसते. याच हंगामात सुमारे २·२६ मी. उंचीचा सिम भुल्लर रीनोकडून खेळत होता. कॅनडात जन्मलेल्या या पंजाबी वंशाच्या खेळाडूस एप्रिल २०१५ मध्ये किंग्जने दहा दिवसांच्या करारावर बोलाविले. एन्‌बीएच्या सामन्यात उतरलेला भारतीय वंशाचा तो पहिला खेळाडू ठरला. त्याच्या वाट्याला तीनच सामने आले व तेही काही मिनिटांपुरतेच.

रीनो सॅक्रॅमेंटोपासून सिएरा नेव्हाडा पर्वतापलीकडे सुमारे २१० किमी. अंतरावर आहे. खेळाडूंची ने-आण सुलभ व्हावी म्हणून २०१८ मध्ये संघ सॅक्रॅमेंटोच्या दक्षिणेस सुमारे ७५ किमी. वरील स्टॉक्टन येथे हलविण्यात आला. पाच वर्षांपूर्वी आपला संघ राखण्यासाठी एका शहराने झुंज दिली होती. आता त्याच शहराच्या सोयीसाठी दुसऱ्या शहराने आपला संघ गमावला.

मातृसंघ व दुय्यम संघ यांचे नाते बहुधा तीन प्रकारचे असते. मातृसंघाचा खेळाडू सरावासाठी खाली पाठविला जातो. २०१७ पासून रूढ झालेल्या दुहेरी करारानुसार काही खेळाडू दोन्ही संघांत खेळतात. उरलेल्या खेळाडूंचा करार केवळ दुय्यम साखळीशी असतो व त्यांना कोणताही प्रमुख संघ बोलावू शकतो. या शेवटच्या वर्गावर घेतलेल्या श्रमांचे फळ प्रतिस्पर्ध्यास मिळण्याचाही संभव असतो. वेतनातील अंतर मोठे आहे. २०१८-१९ मध्ये दुय्यम साखळीतील खेळाडूस हंगामास सुमारे ३५ हजार डॉलर मिळत, तर प्रमुख साखळीतील नवोदिताचे किमान वेतन ८ लक्ष ३८ हजार डॉलर होते. त्यामुळे बहुतेक खेळाडू विजेतेपदापेक्षा बोलावण्याची वाट पाहतात. किऑन एलिस हा खेळाडू २०२२ मध्ये निवडप्रक्रियेत वगळला गेला होता. स्टॉक्टनमध्ये खेळून त्याने २०२४ मध्ये मातृसंघाचा पूर्ण करार मिळविला. प्रशिक्षकांनाही या मार्गाचा लाभ होतो. २०२४ मध्ये स्टॉक्टनच्या प्रशिक्षक लिंडसी हार्डिंग यांना साखळीतील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान मिळाला व तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. एप्रिल २०२५ मध्ये अंतिम फेरीत ऑसिओला मॅजिकचा २-१ असा पराभव करून स्टॉक्टनने साखळीचे विजेतेपद पटकाविले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळी येथे सॅक्रॅमेंटो किंग्ज व इंडियाना पेसर्स यांच्यात दोन प्रदर्शनीय सामने झाले. भारतात एन्‌बीएचे संघ प्रथमच खेळले. पहिला सामना वाढीव वेळेत पेसर्सने १३२-१३१ असा जिंकला, तर दुसऱ्यातही विजय त्यांचाच झाला. मुंबई व पुणे येथे बास्केटबॉलची परंपरा जुनी असून २०१५–१७ या काळात भारतात चाललेल्या एका व्यावसायिक साखळीत या दोन्ही शहरांचे संघ होते, परंतु ती साखळी टिकली नाही. होतकरू खेळाडूस नियमित सामने, वेतन व वर जाण्याची निश्चित वाट देणाऱ्या दुय्यम संघांची रचना भारतात निर्माण न झाल्याने या खेळाच्या व्यावसायिक वाढीस मर्यादा पडल्या आहेत.