इंदूरचे बेंद्रे आणि जांभळी सावली

इंदूर आणि चित्रकला म्हटलं की पहिलं नाव निघतं ते हुसेन यांचं. निघू द्या, तेही याच शहरात वाढले. पण नारायण श्रीधर बेंद्रे, १९१० साली इथेच जन्मलेले, मराठी घरातले, हे नाव आज आपल्याच नातवंडांना समजावून सांगावं लागतं. मला ते खटकतं.

सुरुवात देवलालीकर मास्तरांपासून. दत्तात्रय दामोदर देवलालीकरांनी १९२७ साली होळकरांच्या राज्यात चित्रकलेची शाळा सुरू केली. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर गुरुजी, सगळे त्यांचेच विद्यार्थी. घरोघरी भिंतीवर रविवर्म्याच्या देवी असण्याचा तो काळ. मास्तरांची पोरं मात्र बाहेर उघड्यावर, उन्हात बसून चित्रं काढायची.

मी कॉमर्सचा माणूस, जन्म खातेवह्यांत गेला. तरी बघून बघून एक कळलं. या मंडळींच्या चित्रात सावली काळी नसते. निळी असते, जांभळी असते. रंग घोटून गुळगुळीत केलेला नसतो, फटकाऱ्यांनी ठेवलेला असतो. जवळून नुसते ठिपके-पट्टे. चार पावलं मागे सरका, की घाट, पायऱ्या, माणसं उभी राहतात. पटत नसेल तर माळव्यातल्या एप्रिलच्या दुपारी भिंतीची सावली नीट बघा. जांभळीच दिसते हो!

बेंद्रे यांनी १९३३ ला मुंबईची पदविका घेतली, मग काश्मीर, बनारस, सगळा देश रंगवत फिरले. १९४७-४८ मध्ये अमेरिका-युरोप पाहून आले. १९५० पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवायला लागले, ते १९६६ पर्यंत. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख तिथलेच विद्यार्थी. आणि इथे त्यांचं चित्र बदललं. आकार कोनाकोनाचे झाले, रंग भडक, सपाट. १९५५ च्या ‘काटा’ या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आमच्या घरी यावरून वाद व्हायचा. अण्णा म्हणायचे, “इतका सुरेख घाट काढणारा माणूस, हे चौकोन कशाला काढायला लागला?” अनेक घरांत हेच बोललं जात असणार. माझं मत वेगळं. उन्हाच्या फटकाऱ्यांत झाडाचं झाडपण आधीच अर्धं विरघळलेलं होतं. उरलेलं अर्धं बडोद्यात सुटलं, इतकंच. मात्र अण्णांच्या बाजूनेही बोलतो, बडोद्याची काही चित्रं मलाही जरा हिशोबी वाटतात. आणि हे मी, बँकवाला, म्हणतोय!

उतारवयात ते पुन्हा ठिपक्यांकडे आले, नुसत्या रंगबिंदूंनी अख्खं चित्र भरायचं. इंदूरचं ऊन परत आल्यासारखं. पद्मश्री १९६९ मध्ये मिळाली. पद्मभूषण १९९२ मध्ये, आणि त्याच वर्षी मुंबईत ते गेले.

जुन्या इंदुरी घरांत मास्तरांच्या शाळेतल्या कुणा काकांनी, मामांनी काढलेली निसर्गचित्रं अजून असतील. वाडे पडताहेत, फ्लॅटमध्ये जाताना असल्या चौकटी आधी भंगारात जातात. असं काही असेल तर मागे सही बघा, वर्ष बघा, फोटो इथे टाका. आणि जलरंग असेल तर कृपया खिडकीसमोर टांगू नका, ऊन लागून रंग उडतो.