शिक्का बदलता येतो, अंगठा नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. आजचा विषय आहे ओळख पटवणाऱ्या सॉफ्टवेअरचे सिक्युरिटी अपडेट. ऐकायला कोरडा वाटतो, पण आमच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात निराधार योजनेचे पैसे अंगठा लावून काढणाऱ्या आजीशी त्याचा थेट संबंध आहे. "आजी, मशीन अंगठा घेऊन नाही राहिली," हे वाक्य वऱ्हाडात कुठल्याही सेवा केंद्रावर ऐकायला मिळतं. त्यामागे कधी झिजलेली बोटं असतात, कधी नेटवर्क, आणि कधी कुठेतरी झालेला एक अपडेट. हे अपडेट येतात कशासाठी, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

सुरुवात मोडी कागदांपासून करू. मराठेशाहीत पत्राच्या वर मुख्य शिक्का असायचा आणि मजकूर संपला की खाली छोटा शिक्का, म्हणजे मोर्तब. आपण आजही 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो ते इथूनच आलं. मोर्तबाचं काम एकच: याच्या खाली कुणी एक ओळही वाढवू नये. कागद चिकटवून लांब केला असेल तर मागच्या बाजूला सांध्यावरही शिक्का मारत, म्हणजे मधला तुकडा कुणी बदलू शकणार नाही. आणि छत्रपती बदलले, पेशवे बदलले की शिक्काही नवा व्हायचा. आमच्या धंद्यात याला 'की रोटेशन' म्हणतात. जुनी किल्ली ठरवून बाद करायची आणि नवी चालू करायची. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता शेतकऱ्याकडे या. त्याच्याकडे शिक्का नव्हता आणि सहीही येत नव्हती. सावकाराच्या खतावर त्याच्या नावापुढे नांगराचं चित्र काढायचे, 'निशाणी नांगर'. अडचण सरळ आहे, नांगर कुणालाही काढता येतो. आणि निशाणी खरी असली तरी वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता: कर्जखतं ताब्यात घ्यायची आणि जाळायची.

पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना होता. आपलं वऱ्हाड तेव्हा वेगळ्या कारभाराखाली होतं. या कायद्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याने करून दिलेलं खत गावच्या रजिस्ट्रारसमोर झालेलं असेल तरच ग्राह्य. म्हणजे निशाणी तीच राहिली. ती कुठे, कुणासमोर आणि कशी घेतली, हे तपासायची व्यवस्था बदलली. माझ्या दृष्टीने हा आपल्याकडचा जुना सिक्युरिटी अपडेटच आहे.

निशाणीची जागा पुढे अंगठ्याने घेतली. १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कोलकात्यात ठसे ब्युरो सुरू झाला. तिथल्या वर्गीकरणाच्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. नांगर कुणीही काढेल, पण अंगठा माणसागणिक वेगळा. वाटलं की प्रश्न सुटला.

सुटला नाही. ओळख खरी असूनही व्यवस्था फसते, याची आपल्या राज्यातली ठळक गोष्ट म्हणजे पुण्याची कॉसमॉस बँक, ऑगस्ट २०१८. एटीएममधून पैसे काढताना 'याला द्यायचे का?' हा प्रश्न बँकेच्या यंत्रणेकडे जातो आणि तिथून हो किंवा नाही येतं. चोरट्यांनी मध्ये स्वतःचीच खोटी यंत्रणा बसवली. ती प्रत्येकाला 'हो' म्हणत राहिली. बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले आणि सगळं मिळून ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली. ग्राहकांची खाती, पिन, सगळं जागच्या जागी होतं. होकार देणाराच बदलला होता.

क्लाऊडमध्ये तर हा होकार म्हणजेच सगळं. तुम्ही एकदा लॉगिन करता, मग सर्व्हर तुम्हाला एक टोकन देतो, त्यावर कंपनीच्या किल्लीची डिजिटल सही असते. पुढे कुणी पासवर्ड विचारत नाही, फक्त सही बघतात. म्हणजे मोर्तबच. २०२३ मध्ये हल्लेखोरांच्या हाती मायक्रोसॉफ्टची अशी एक किल्ली लागली. ती २०१६ सालची होती. घरगुती ईमेल खात्यांसाठी असलेली ही किल्ली तपासणीतल्या एका चुकीमुळे सरकारी आणि कंपन्यांच्या खात्यांनाही चालून गेली. अमेरिकेच्या वाणिज्य मंत्र्यांचा मेलसुद्धा वाचला गेला. पासवर्ड कुणाचाच फोडावा लागला नाही. शिक्काच हातात होता.

पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारच्या समितीचा अहवाल आला. त्यात लिहिलंय की या किल्ल्या हाताने बदलाव्या लागत, आणि २०२१ मध्ये क्लाऊड मोठ्या प्रमाणात बंद पडल्यानंतर ते बदलणंच थांबवलं होतं. सेवा पुन्हा बंद पडू नये ही भीती. कुठल्याही इंजिनिअरला ही भीती कळेल. पण पेशवाईत नव्या कारकिर्दीला नवा शिक्का व्हायचा आणि इथे सात वर्षांचा जुना शिक्का चालत राहिला.

आता आधारकडे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिली आधार कार्डं दिली गेली. शिक्का बदलता येतो, पासवर्ड बदलता येतो, अंगठा मात्र जन्मभर तोच. शिवाय तो आपण दीडशे वर्षं कागदांवर उमटवत आलोय. २०१८ मध्ये तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरचे ठसे वेबसाइटवरून उचलून बनावट बोटं केल्याचं आणि त्यावर सिम कार्डं चालू केल्याचं उघड झालं. अंगठा गुपित नाही, ही गोष्ट तिथे दिसली.

मग उपाय १८७९ चाच: अंगठ्याभोवतीची व्यवस्था बदला. २०१७ च्या सुमारास नोंदणीकृत मशीन सक्तीची झाली, म्हणजे कुठल्या मशीनवरून ठसा आला हे कळायला लागलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने जाहीर केलं की ठशाच्या रेषांबरोबर ठशाचं चित्रही तपासलं जाईल, बोट जिवंत माणसाचं आहे की नकली ते बघायला. त्यानंतर जुन्या एल-झिरो मशीन जाऊन एल-वन आल्या. जुनीत ठसा जोडलेल्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर एन्क्रिप्ट व्हायचा, नवीत मशीनच्या आतल्या चिपमध्येच होतो. मध्ये कुणी हात घालू शकत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तम काम आहे, मी त्याच्या बाजूनेच आहे.

पण क्लाऊडमधला अपडेट रात्री सर्व्हरवर होतो आणि सकाळी कुणाला कळतही नाही. हा तसा नाही. यात केंद्रचालकाला नवी मशीन विकत घ्यावी लागते. तपासणी कडक झाली की आयुष्यभर कापूस वेचून, निंदण करून रेषा पुसट झालेलं बोटही अडकू शकतं. मग माणूस बसच्या तिकिटाचे पैसे आणि एक दिवसाची मजुरी घालवून रिकामा परततो. चोर अडवायला लावलेली चाळणी खऱ्या माणसालाही अडवते, आणि त्याचा खर्च कुठल्याच रिलीज नोटमध्ये लिहिलेला नसतो.

मायक्रोसॉफ्टने लोक अडकतील म्हणून किल्ली बदलली नाही, ते महागात पडलं. लोकांचा विचार न करता बदल करणंही तितकंच महाग आहे, फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं. म्हणून अपडेटसोबत दुसरी वाट तयार हवी. बुबुळ, चेहरा, ओटीपी हे पर्याय आधारमध्ये आहेत. ते नियमात असून भागत नाही, केंद्रावर चालले पाहिजेत आणि केंद्रचालकाला वापरता आले पाहिजेत.

ऐकणाऱ्यांसाठी एक काम सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे का ते बघा. मग एम-आधार ॲपमधून त्यांचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा आणि पैसे काढायच्या दिवशी उघडा. अंगठा बदलता येत नाही, पण त्याच्यावर कुलूप घालता येतं. आणि पुढच्या वेळी केंद्रावर "मशीन घेत नाही" म्हणाले, तर आजीला घेऊन लगेच परत फिरू नका. "चेहऱ्यानं होते का, बघा बरं" एवढं नक्की विचारा.

भेटू पुढच्या भागात.